विसाव्या चांदाला मी आलो नव्हतो

एका तपासणी-अहवालात मी दोन भेटींची नोंद केली आणि त्यांतली दुसरी भेट दिलीच नव्हती, ही गोष्ट आजवर मी कोणाला तोंडाने सांगितलेली नाही. बायकोला नाही, सहकाऱ्यांना नाही, ज्या बाईंचं त्यापायी नुकसान झालं त्यांनाही नाही. चोवीस वर्षं झाली. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं की तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीला लोकांना हलकंफुलकं आवडतं. गमती आहेत, लिहितोही. पण लिहायला बसलो की ती न दिलेली भेट कागदावर आधी येऊन बसते. तेव्हा तिलाच आधी जागा देतो.

मी रत्नागिरीत शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात शिकवतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, "म्हणजे कितवीला?" कितवीलाच नाही. बारावी झालेली मुलं-मुली आमच्याकडे येतात आणि दोन वर्षांनी मास्तर-बाई होऊन बाहेर पडतात. माझा विषय शिक्षणाचं तत्त्वज्ञान, त्यातही सहा वर्षांखालच्या मुलांचं. आमच्या कामाचे दोन भाग. एक म्हणजे फळ्यासमोर उभं राहून बोलणं. दुसरं म्हणजे शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्याचं शिकवणं बघणं आणि वहीत शेरा लिहिणं. पहिल्या कामात माझं थोडंफार नाव झालं. दुसऱ्या कामात मी काय केलं ते पुढे येईलच.

माझा एक ठरलेला तास होता. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे प्राचीन ग्रीक आणि रोमन, उजवीकडे त्यांच्यानंतर दोन हजार वर्षांनी आलेले प्रबोधनकाळातले लोक. डावीकडचे म्हणत, मूल हे नगराचं. लहानपणी जे वळण लागतं तेच पुढे माणूस होऊन चालतं, म्हणून त्याच्या कानावर कुठल्या गोष्टी पडाव्यात, त्याने कुठले खेळ खेळावेत हे वडीलधाऱ्यांनी ठरवावं. समज मागून येते, सवय आधी लागते. उजवीकडचे म्हणत, मूल हे मुलाचंच. त्यातल्या एका इंग्रजाचं म्हणणं, मन म्हणजे कोरी पाटी, अनुभव लिहील तेच तिच्यावर उमटणार. एका फ्रेंच माणसाचं म्हणणं, निसर्गाने मुलाला चांगलंच जन्माला घातलंय, आपण मध्ये हात घालून त्याला बिघडवू नये, त्याचं वय त्याला जगू द्यावं.

तास रंगायचा. त्या इंग्रजाने मुलं काटक व्हावीत म्हणून त्यांना पाणी आत शिरेल असे पातळ बूट घालायला सांगितलं होतं. हे ऐकून लांज्याची एक मुलगी म्हणाली होती, "मग सर, आमच्या वाडीतली सगळीच पोरं तत्त्वज्ञ म्हणायची." त्या फ्रेंच माणसाची गोष्ट मी तासाच्या शेवटाला राखून ठेवायचो. मुलांना कसं वाढवावं हे अख्ख्या जगाला सांगणाऱ्या या माणसाने आपली स्वतःची मुलं, एकामागून एक, अनाथालयात सोडली. मग कोणीतरी विचारायचं आणि मी ठरलेलं उत्तर द्यायचो. अस्मिता नावाची पोफळीची एक मुलगी होती, वडील तिथल्या वीजघरात कामाला. ती उभी राहून म्हणाली, "सर, मग त्याचं ऐकायचं कशाला?"

मी म्हणालो, "विचार बघावा, माणूस बघू नये."

ती बसली, पण पटलेलं दिसलं नाही. हे उत्तर मी बरीच वर्षं अगदी सहज दिलं. पुढे ते तसं सहज देता येईना.

आमच्या संस्थेचे कार्यवाह अण्णा. हापूसचे बागायतदार, बोलण्यात कोणाला सोडायचे नाहीत. एकदा ते वर्गाच्या दाराशी उभे राहून माझा हा तास ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे सर, तुमचे डावीकडचे कलमवाले नि उजवीकडचे रायवळवाले. कलम बांधलंत तर फळ कसलं येणार ते आधीच ठरलं. कोय टाकून सोडून दिलीत तर आंबा येईल, पण कसला ते झाडाची मर्जी." पोरांनी हे उचललं. त्या वर्षी परीक्षेच्या पेपरांत निम्म्या वर्गाने 'कलमवादी विचारसरणी' आणि 'रायवळवादी विचारसरणी' असं लिहिलं आणि देशावरच्या परीक्षकांचा आम्हाला फोन आला की ही कुठल्या देशातली मंडळी. अण्णा जाता जाता आणखी एक वाक्य बोलले होते. "पण सर, कलम बांधतात कशावर ते माहीत आहे ना? रायवळच्या रोपावरच." मी हसलो. फळ्यावरची रेघ मात्र पुसली नाही.

पुसावीशी वाटली नाही, कारण त्या रेघेवर माझं पोट होतं. आणि दुसरं असं की सहा वर्षांखालच्या मुलांबरोबर मी सलग एक तासही कधी बसलो नव्हतो. हीसुद्धा कबुलीच आहे. माझं सगळं बालशिक्षण पुस्तकातलं. स्वतःची मुलगी लहान होती तेव्हा मी तिच्या झोपेच्या वेळी नोट्स काढायचो आणि ती उठली की चिडायचो.

आमची संस्था तेव्हा जिल्ह्यात वीसेक बालवाड्या चालवायची. खाडीकाठच्या, सड्यावरच्या, जिथे दुसरं काही पोचलेलं नव्हतं अशा वाड्यांतून. त्यांच्या तपासणीचं काम माझ्याकडे आलं. जायचं, बघायचं, अहवाल द्यायचा. नियम असा की केंद्र एकदा बंद आढळलं तर ताकीद, लागोपाठ दोनदा आढळलं तर केंद्र बंद. त्या वर्षी संस्थेला एक केंद्र कमी करायचंच होतं. कुठलं ते अण्णांनी ठरवलं नव्हतं. ते म्हणाले, तुमच्या अहवालातून आपोआप ठरेल.

जयगड खाडीच्या आतल्या अंगाला एक वाडी आहे. तिथली बालवाडी मैमूनाआपा चालवायच्या. तेव्हा पन्नाशीच्या असतील. सातवी शिकलेल्या, नवरा जहाजावर होता तो वारलेला. वाडीत मुसलमान घरं जास्त, कडेला खारवी मच्छीमारांची थोडी. सगळीच मुलं त्यांना आपा म्हणायची. त्यांच्याकडे खोली नव्हती. पीराच्या दर्ग्याला लागून एक रुंद ओटा होता, वर कौलं होती, तिथे त्या मुलांना बसवायच्या.

मी पहिल्यांदा गेलो तो सकाळी दहाला. बालवाडीची वेळ दहा ते एक. ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. एक कोंबडी आणि एका कोपऱ्यात रचून ठेवलेले शिंपले. मी दहा-पंधरा मिनिटं थांबलो, कोणाला काही विचारलं नाही, आणि वहीत लिहिलं: केंद्र बंद. जागा अयोग्य.

जागा अयोग्य. मी वर्गात कितीतरी वर्षं सांगत होतो की त्या थोर ग्रीक माणसाच्या मते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गावच्या देवस्थानापाशी एकत्र आणावं, सोबत एखादी जाणती बाई ठेवावी आणि खेळ त्यांना शिकवू नयेत, कारण मुलं एकत्र आली की खेळ त्यांचे ते शोधून काढतात. पोरींना हे इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांना पाठ झालं होतं. आणि डोळ्यांसमोर तेच दिसलं तेव्हा मला ओळखू आलं नाही.

दुसरी भेट आठ दिवसांनी ठरली होती. त्याच सुमारास मला एका परिसंवादात निबंध वाचायचा होता, विषय हाच, बालपणाविषयी ग्रीक आणि प्रबोधनकाळातले लोक काय म्हणतात. निबंध अर्धा राहिला होता. वाडीला जायचं म्हणजे एसटीने दोन तास जाणं, दोन तास येणं, वर चालणं. त्या दिवशी सकाळी मी विद्यालयाच्या ग्रंथालयात बसलो. मुलं शिस्तीने शिकतात की मोकळीकीने यावर चार पानं लिहिली. अकराच्या सुमारास चहा आला. चहा पिता पिता अहवालाचा कागद ओढला आणि दुसऱ्या रकान्यात लिहून टाकलं: केंद्र बंद आढळले. मनाशी म्हणालो, बंदच असणार. पहिल्यांदा होतं तसं.

निबंध चांगला झाला, टाळ्या पडल्या.

केंद्र बंद केल्याचं पत्र वाडीला गेलं आणि चार दिवसांनी मैमूनाआपा विद्यालयात आल्या. काळी छत्री, कापडी पिशवी, पिशवीत एक जाड वही. मला वाटलं भांडतील. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी मला आधी भरती-ओहोटी समजावून सांगितली. मी रत्नागिरीत जन्मलेला माणूस, पण मांडवीवर फिरायला जाण्यापलीकडे पाण्याशी माझा संबंध नव्हता.

वाडीतल्या बायका सुकतीच्या वेळी, म्हणजे ओहोटीला, खाजणातल्या चिखलात उतरतात. तिसऱ्या, कालवं असले खायचे शिंपले काढायला. तेवढाच वेळ मुलांकडे बघायला घरी कोणी नसतं, म्हणून तेवढाच वेळ बालवाडी. सुकती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून बालवाडीही सरकते. पुनवेला आणि अवसेला भर दुपारी भरती, म्हणून त्या दिवसांत पोरं उजाडताच ओट्यावर. पुढे एकेक दिवस उशिरा. हे सगळं त्यांनी चांदाच्या तारखांनी, म्हणजे नवा चांद दिसल्यापासून दिवस मोजत सांगितलं. बाराव्या चांदाला सकाळी दहाला खाडी तुडुंब भरलेली, आया घरी, पोरं घरी, बालवाडी दुपारी अडीचला. ती माझी पहिली भेट.

"आनि विसाव्या चांदाला दहाला सुकती," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझ्याकडे बावीस पोरं होती, सर. नऊपासून."

ती माझी दुसरी भेट. मी टेबलावरचा पेपरवेट हलवत राहिलो.

मग अगदी हळू, मला जपून म्हणाल्या, "तुम्ही चुकून पलीकडच्या वाडीत गेलात काय? तिकडेपन एक दर्गा हाय. नवा मानूस चुकतो."

आता लिहिताना कळतं, मला किती मोठी सोय करून दिली होती त्यांनी. नुसतं हो म्हणायचं होतं. 'हो, चुकलो असेन' एवढे तीन शब्द बोललो असतो तर केंद्र वाचलं असतं, माझी अब्रूही वाचली असती. पण हो म्हटलं की अण्णांना सांगायला लागणार, अण्णा विचारणार की कुठल्या एसटीने गेलात, कुठे उतरलात. मी म्हणालो, "वही ठेवून जा. बघतो."

त्यांनी वही ठेवली. दाराशी जाऊन एकदा मागे वळून वहीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

वही मी त्याच दिवशी वाचली. हजेरीखाली रोज एकदोन ओळी, कुठल्यातरी एका मुलाबद्दल. सातवी शिकलेल्या बाईचं मोठं गोल अक्षर. रोज आल्याबरोबर हात-पाय धुणं, ओळीत बसणं, मोठ्यांना सलाम-नमस्कार, लहानग्याने मोठ्याच्या आधी पाणी पिणं, यात कधी सूट नाही. हे डावीकडचे ग्रीक. आणि मग मुलाने स्वतः काय केलं याची नोंद, जिथे त्यांनी हात घातला नाही. हे उजवीकडचे. कुवेतहून सुट्टीवर आलेल्या एका बापाने सुटकेस भरून प्लास्टिकची इंग्रजी अक्षरं आणून दिली होती, माझा मुलगा तीन वर्षांचा झाला, आता एबीसी झालीच पाहिजे म्हणून. त्यावर आपांची नोंद होती: "अक्षरं पोरांसमोर ओतली. सीचा चांद केला. ओची होडी होत नाही म्हणून रागावली. बाप बघत होता. मग तोपन खाली बसला." मुलांच्या हाती खेळायला अक्षरं द्यावीत हे एका रोमन गुरुजींचं सांगणं मी वर्गात शिकवायचो. ते बापाला खाली बसवतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

विसाव्या चांदाच्या पानावर लिहिलं होतं: "आज बावीस. नजमाने शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत लावले. कोणी सांगितलं नव्हतं. एक फुटका निघाला. तो कुठे ठेवायचा ते तिला ठरेना. सुकती सरेपर्यंत हातात धरून बसली."

बावीस मुलं तिथे होती, नजमा शिंपला धरून बसली होती, आणि त्याच घटकेला मी ग्रंथालयात चहा पीत लिहीत होतो की तिथे कोणी नाही.

आणि तरी मी अहवाल बदलला नाही.

पुढचं सांगायला जास्त जड जातं. दोन वर्षांनी संस्थेने बालवाडी शिक्षिकांसाठी एक मार्गदर्शिका काढायची ठरवली. ती मी लिहिली. पहिला भाग माझी रेघ, ग्रीक आणि प्रबोधन. तो कोणी वाचला नाही. दुसरा भाग 'एका बालवाडीतील नोंदी'. त्या सगळ्या आपांच्या वहीतल्या. मुलांची नावं काढली, आपांचंही काढलं. मुखपृष्ठावर नाव माझं. त्या दुसऱ्या भागाने पुस्तिका जिल्हाभर गेली, शिक्षिका त्यातली पानं फाटेपर्यंत वाचत, मला प्रशिक्षणांना बोलावणी येऊ लागली. मी कुठेही गेलो की कोणीतरी फुटक्या शिंपल्याची गोष्ट काढायचं. त्या पुस्तिकेने मला माणसं दिली, आदर दिला. शेकडो बायांनी आपापल्या ओट्यावरच्या गोष्टी येऊन मला सांगितल्या आणि मी त्यांच्याकडून खरंच शिकलो. माझा तासही बदलला. फळ्यावर अजून रेघ मारतो, पण मग तिच्यावर कलम काढतो, खाली रायवळ, वर हापूस, आणि सांगतो की बांधणारीचे हात बघा. मी कृतज्ञ आहे, आणि ते मनापासून. फक्त ते सगळं ज्यांच्यामुळे आलं त्यांना मी 'कामचुकार' ठरवून ठेवलं होतं आणि संस्थेच्या दप्तरात त्या अजून तशाच होत्या.

गेल्या वर्षी अंगणवाडी सेविकांच्या एका प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीत एक सेविका माझ्यापाशी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, डोक्यावर ओढणी, हातात माझी मार्गदर्शिका, जुनी आवृत्ती, प्लास्टिकचं कव्हर घातलेली. पान अठरा उघडून माझ्यासमोर धरलं.

"सर, ही शिंपलेवाली मुलगी मी आहे. नजमा."

मला वाटतं मी "अरे वा" असं काहीतरी म्हणालो. ती हसत होती. म्हणाली, आपा अजून आहेत, पंचाहत्तरीच्या पुढे, ऐकू कमी येतं, जीभ शाबूत आहे. नजमाने मला भेटायचं म्हटल्यावर आपा तिला म्हणाल्या होत्या, "सरांच्या वर्गात आधी शिकायला बस. मग भांड."

"भांडायचं कशाबद्दल?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

मग तिने सांगितलं, भांडणाच्या स्वरात अजिबात नाही, घरचं सांगावं तसं. बालवाडी बंद झाली तेव्हा ती चार वर्षांची. आई सुकतीला खाजणात जायची, नजमाला सांभाळायला कोण? मोठी बहीण शबाना, चौथी पास होऊन नुकतीच पाचवीत गेलेली. सुकतीची वेळ शाळेच्या वेळेला रोज नव्याने कापायची, आज पहिला तास बुडाला, उद्या शेवटचे दोन. गणपतीपर्यंत तिने शाळा सोडलीच. वाडीतल्या आणखी तीनचार मोठ्या मुलींचं असंच झालं. "तिची पाचवीची पुस्तकं नवी होती, सर. वडिलांनी जयगडहून आणलेली, तिने कव्हरं घातली होती. ती पुस्तकं पुढे मी वापरली. ती घरी बसली म्हणून मी शिकले." शबाना आता काजूच्या कारखान्यात जाते, तिला दोन मुलं आहेत.

नजमाने पान अठरावर बोट ठेवलं. "आपा म्हणतात, ही नोंद विसाव्या चांदाची. त्या दिवशी बालवाडी चालू होती, तपासणीला कोणी आलं नव्हतं. तुम्हाला आठवतं का, सर?"

मी म्हणालो, "बघून सांगतो."

तेच उत्तर, तेवीस वर्षांनी. घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, बरं नाही का. मी म्हणालो, उन्हामुळे.

त्यानंतर दीडेक महिना गेला. मग एके दिवशी मी पंचांग काढलं, तिथी बघितली, सुकतीची वेळ काढली आणि एसटीत बसलो. यावेळी वेळ बरोबर काढली होती याचा मला लहान मुलासारखा अभिमान वाटला, हेही लिहून टाकतो. वाडीत आता नजमाची अंगणवाडी आहे, तिला पक्की खोली आहे, पण वेळ ठरलेली, कागदावरची. नजमा ती वेळ पाळते, आणि सुकती त्या वेळेत बसत नसेल त्या दिवशी ती कागदाबाहेरचे दोन तास दर्ग्याच्या ओट्यावर मुलांना घेऊन बसते. त्याची नोंद कुठेच नाही. मी गेलो तो ओट्याचा दिवस होता. आपा खांबाला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि ओळखलं.

मी उभ्यानेच सुरुवात केली. "आपा, ती दुसरी भेट..."

"आधी खाली बसा," त्या म्हणाल्या. "पोरांच्यात उभा मानूस बरा दिसत नाय."

बसलो. मांडी घालून, दीड तास. आयुष्यात पहिल्यांदा. पहिली दहा मिनिटं माझ्याकडे कोणी बघितलं नाही आणि ते मला सहन होईना, कारण मला सवय वर्गाने माझ्याकडे बघायची. मग तीनेक वर्षांच्या एका मुलीने येऊन माझ्या तळहातावर एक शिंपला ठेवला, माझी बोटं एकेक करून मिटवली आणि निघून गेली. परत न्यायला येईल म्हणून मी मूठ तशीच धरून बसलो. ती आली नाही. तिला दुसरं काम लागलं होतं. गुडघे दुखायला लागले, मुठीला घाम आला, आणि मी हललो नाही. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीवर बोलत होतो तिच्यात एकदाचा बसलो होतो.

पाणी चढायला लागलं तशा बायका टोपल्या घेऊन वर आल्या, पाय चिखलाने माखलेले, आणि आपापली पोरं उचलायला लागल्या. मला जे बोलायचं होतं ते आता दहाबारा बायकांसमोर बोलायला लागणार होतं. माझी हिंमत झाली नाही. आपांना ते कळलं असावं. त्या माझ्याकडे सरकून म्हणाल्या, आवाज मोठा, कारण त्यांना स्वतःचा ऐकू येत नाही:

"तुम्ही आला नव्हता ते मला तेव्हाच ठाऊक होतं, सर. मी हिथंच होते ना बसलेली."

बायकांपैकी कोणी ऐकलं, कोणी नाही.

मी विचारलं, "मग कोणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगायलाच आले होते. वही घेऊन. तुम्ही म्हनालात, बघतो." त्यांनी ओढणी सारखी केली. "मी वाट बघितली."

एवढंच. रागावल्या नाहीत, माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. नजमाला सांगून तिसऱ्यांची एक पिशवी बांधून दिली, सरांच्या घरी कोणाला साफ करता येतात का ते विचार म्हणाल्या, नसतील येत तर पाण्यात ठेवून द्या, आपण होऊन तोंड उघडतात. मी पिशवी घेतली. बायकांकडे बघून काहीतरी बोलायला हवं होतं. 'येतो' म्हणालो आणि निघालो. शिंपला माझ्या खिशात राहिला.

अस्मिता आता अलोऱ्याच्या शाळेत शिकवते. दर दिवाळीला फोन करते. या वर्षीचा फोन आला की तिला तिच्या जुन्या प्रश्नाचं दुसरं उत्तर देणार आहे. विचार बघावाच, पण माणूसही बघावा, कारण विचार चुकला तर पुस्तकात चुकतो, माणूस चुकला की कोणाची तरी पाचवी बुडते.

हा लेख छापून येईल तेव्हा तो संस्थेतही वाचला जाईल, म्हणून स्पष्ट लिहितो. जयगड खाडीकाठच्या त्या बालवाडीच्या तपासणीतली माझी दुसरी भेट झाली नव्हती. बालवाडी त्या दिवशी चालू होती, बावीस मुलं हजर होती. तसं पत्र मी संस्थेला स्वतंत्र दिलं आहे आणि मार्गदर्शिकेच्या नव्या आवृत्तीवर मैमूनाआपांचं नाव माझ्या आधी यावं असं कळवलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मैमूनाआपांची वही माझ्याकडे आहे. ती त्यांना परत द्यायची आहे, ओट्यावर, सुकती सरताना, सगळ्या बायका वर आल्यावर, आणि वर जे लिहिलं ते तिथे तोंडाने बोलायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही. शबानाची पाचवी मी देणं लागतो, आणि ती माझ्याकडे नाही.